दिवसाचा चोर वेगळा, रात्रीचा वेगळा

वाचकाचं पत्र

आम्ही सहकारनगरात, तळजाई टेकडीच्या बाजूला राहतो. बंगल्याच्या मागे आठ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला आहे. प्लायवूडचं चार बाय तीन फुटांचं खुराडं जमिनीवरच ठेवलंय, पुढच्या बाजूला षटकोनी चिकन जाळी आहे. पंधरवड्यापूर्वी सकाळी एक कोंबडी आत जाळीला लागून मेलेली दिसली. डोकं आणि मान गायब, बाकी अंग जसंच्या तसं. दार बंद होतं, जाळीही फाटली नव्हती. पाच दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. मग गेल्या रविवारी भरदुपारी अंगणात एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) मान चावलेल्या अवस्थेत सापडली आणि खोक्यातली दोन अंडी फुटलेली होती. सासूबाई म्हणतात बोका, शेजारचे काका म्हणतात मुंगूस, आणि वर घारी तर सतत फिरत असतात. पिंजरा लावून पकडावं का? काका उंदराचं औषध कोंबडीच्या मांसात घालून ठेवा म्हणतात. राहिलेल्या पाच कोंबड्या वाचवायला नेमकं काय करावं? आणि नव्या कधी आणाव्यात?

एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर

नमस्कार,

सासूबाईंचं बरोबर असू शकतं आणि काकांचंही बरोबर असू शकतं. तुमच्या पत्रातल्या खुणा दोन वेगवेगळ्या चोरांच्या आहेत. मुंगूस दिवसा हिंडतो आणि अंधार पडला की बिळात असतो. त्यामुळे भरदुपारी मान चावलेली तलंग आणि फुटलेली अंडी हे काम बहुधा त्याचं. रात्री दार बंद असताना जाळीला लागून पडलेली, डोकं नसलेली कोंबडी मात्र त्याची नाही. तिथे कोणीतरी बाहेरून जाळीच्या भोकातून पंजा घातला, जाळीला टेकून झोपलेली कोंबडी पकडली, मान बाहेर ओढली आणि जेवढं बाहेर आलं तेवढं खाल्लं. अंग भोकातून बाहेर येईना, म्हणून ते आत राहिलं. असं बोका करतो, तसंच उदमांजरही करतं.

बोका की उदमांजर हे ओळखायचं असेल तर गच्चीवर, कंपाऊंडच्या भिंतीवर किंवा पाण्याच्या टाकीजवळ विष्ठा शोधा. तिच्यात चिकू, पपई, उंबर यांच्या बिया दिसल्या तर उदमांजर. ते फळंही खातं आणि मांसही, झाडावर सरसर चढतं आणि जुन्या बंगल्यांच्या माळ्यावर, कौलांखाली दिवसभर झोपून राहतं. घरातल्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. ‘वर उंदीर फार झालेत’ एवढंच म्हणत राहतात. आणखी खात्री हवी असेल तर संध्याकाळी खुराड्याभोवती फूटभर रुंद पट्ट्यात रांगोळी चाळणीने पातळ पसरा. मांजराच्या पावलाला चार बोटं उमटतात आणि नख्या दिसत नाहीत. कुत्र्याचीही चारच, पण पुढे नख्यांची टोकं उमटतात. मुंगूस आणि उदमांजर यांना पाच बोटं असतात. मुंगसाच्या पावलापुढे लांब नख्यांचे ठिपके दिसतात. घुशीची पावलं बारीक असतात आणि मधून शेपटीची रेघ गेलेली असते. पावसाळ्यात हे फक्त छपराखालीच जमेल.

खरं सांगायचं तर चोर कोण हे कळल्याने तुमच्या बांधकामात फारसा फरक पडणार नाही. टेकडीच्या कडेला एक मुंगूस गेला की त्याची हद्द दुसरा घेतो, आणि बोक्यांचंही तेच. जनावर हटवण्यात घातलेला वेळ वाया जातो, भोक बंद करण्यात घातलेला कामी येतो. शिवाय मुंगूस, उदमांजर, घोरपड, घार या सगळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पिंजऱ्यात पकडून ‘कात्रज घाटात सोडून येऊ’ हा बेत भूतदयेचा वाटला तरी बेकायदा आहे. आणि विषाचं काकांना स्पष्ट नाही सांगा. विष घातलेलं मांस चोर खाईलच असं नाही, पण शेजारचा कुत्रा, गल्लीतली मांजर, कावळे आणि घारी नक्की खातील. उरलेले तुकडे तुमच्याच कोंबड्या टिपतील. कुत्र्या-मांजरांना विष घालणं हाही गुन्हाच आहे.

आज रात्रीपुरतं असं करा. अंधार पडल्यावर सहाही पक्षी उचलून घरातल्या रिकाम्या न्हाणीघरात किंवा स्टोअररूममध्ये ठेवा. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे ती धरताना पळापळ करत नाही. खाली वर्तमानपत्र, कोपऱ्यात आडवी काठी आणि वाऱ्यासाठी उघडी जाळीची खिडकी एवढं पुरे. जागाच नसेल तर खुराड्याच्या जाळीवर बाहेरून प्लायचा तुकडा चार स्क्रूंनी ठोका, मात्र वर चार बोटं फट सोडा. डालग्याखाली (बांबूच्या टोपलीखाली) झाकून वर दगड ठेवणं खेड्यात चालतं, कारण डालगं घरातच असतं. उघड्या अंगणात कुत्रं ते एका धक्क्यात उलटवतं.

आता जाळीकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. षटकोनी चिकन जाळी कोंबडी आत ठेवण्यासाठी बनवलेली असते, बाहेरच्याला रोखण्यासाठी नाही. तिची तार बारीक असते, पिळाने जोडलेली असते, भोकं पाऊण इंचापासून दोन इंचांपर्यंत असतात आणि कुत्र्याने दात लावून ओढली की पीळ सुटत जातो. तुम्हाला हवी आहे अर्धा इंची चौकटीची जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली आणि प्रत्येक सांध्यावर वेल्डिंग केलेली जाळी; तार साधारण एक मिलिमीटर, म्हणजे १९ किंवा २० गेज. दुकानात गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे लक्षात ठेवा; २४ गेजची जाळी दिसायला तशीच, पण निम्म्या जाडीची असते आणि स्वस्त म्हणून गळ्यात मारली जाते. बोहरी आळीत ती गुंडाळीतून फुटाने कापूनही मिळते. घेण्याआधी कोपऱ्यातला एक सांधा पकडीने वाकवून बघा. जोड चटकन तुटला तर ती घेऊ नका. कापताना हातमोजे घालाच, कापलेली टोकं ब्लेडसारखी असतात. घरी आणल्यावर कडा आत वळवून टाका, नाहीतर कोंबडीचाच डोळा जाईल.

खुराड्याची जुनी षटकोनी जाळी काढू नका. चौकटीच्या आतल्या अंगाला ती तशीच राहू द्या आणि नवी वेल्डमेश चौकटीच्या बाहेरच्या अंगाला बसवा. चौकट दोन इंचांची असेल तर मध्ये दोन इंचांची मोकळी जागा राहते आणि नखही कोंबडीपर्यंत पोचत नाही. नवी जाळी बाहेरूनच बसवायची, कारण बाहेरून ढकलणारा तिला लाकडावर दाबतो. तीच आतून बसवली तर तोच जोर तिला खिळ्यांमधून उखडतो. यू-खिळे ठोकून भागणार नाही. मॉन्सूनमध्ये लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं आणि वर्षभरात खिळे हलायला लागतात. एक इंची स्क्रू, त्याखाली एक इंची रुंद वॉशर, आणि दर चार इंचांवर एक. शक्य असेल तर जाळीवर इंचभर रुंद लाकडी पट्टी धरून तिच्यातून स्क्रू मारा, म्हणजे कडा सगळीकडून दाबली जाते. दोन तुकडे जोडायची वेळ आली तर दोन इंच एकावर एक घ्या आणि बाइंडिंग तारेने दर तीन इंचांवर शिवा.

पण कोंबडी जाळीला टेकून झोपत असेल तर हे सगळं अर्धंच काम. झोपायची जागाच बदला. तुमचं खुराडं तीन फूट खोल आहे. पहिली काठी मागच्या प्लायच्या भिंतीपासून दहा इंचांवर, दुसरी तिच्यापुढे बारा इंचांवर, म्हणजे जाळीपर्यंत चौदा इंच उरतात. दोन्ही काठ्या एकाच उंचीवर लावा, एक वर एक खाली असली की सगळ्या वरच्या काठीसाठी भांडतात आणि हरलेली येऊन जाळीजवळ बसते. प्रत्येक पक्ष्याला नऊ इंच धरा. सहा पक्ष्यांना साडेचार फूट लागतात, म्हणून चार फुटी एक काठी पुरत नाही. काठी दीड-दोन इंच जाड हवी, कडा रंध्याने गोल केलेल्या. गोल बांबूही चालतो, फक्त दोन्ही टोकं पक्की अडकवा, फिरला की पक्षी खाली उतरून झोपतात.

प्लायचं खुराडं जमिनीवर ठेवणं बंद करा. खालून घूस येते. ती प्लाय कुरतडते, अंडी आणि पिल्लं नेते आणि मोठ्या कोंबडीच्याही पायाला चावते. चार लोखंडी अँगलचे पाय लावून किंवा काँक्रीटचे ठोकळे रचून तळ दोन फूट वर घ्या. खाली मोकळं राहिलं पाहिजे. वापरात नसलेल्या कुंड्या आणि पोती खाली सरकवलीत तर घुशीला छप्पर मिळालं. प्लायच्या तळाला खालून अर्धा इंची जाळीचा तुकडा मारा आणि कडेच्या भिंतींच्या खालच्या आठ इंचांना पत्र्याची पट्टी लावा. ओलाव्याने प्लायचे थर सुटतात आणि सुटलेल्या थराला दात लावणं सोपं असतं.

हवा कोंडू नका. चोराच्या भीतीने खुराडं डबाबंद करणाऱ्यांच्या कोंबड्या एप्रिल-मे महिन्यांत उकाड्याने जातात. चाळिशीच्या पाऱ्यात बंद खोक्यात सहा पक्षी म्हणजे भट्टीच. मागच्या भिंतीला छपरालगत सहा इंच उंचीची, चार फूट लांबीची झडप कापा आणि तिलाही तीच अर्धा इंची जाळी बाहेरून लावा. समोरून आलेली हवा वर चढून तिथून निघते. सकाळी दार उघडल्यावर नाकाला झिणझिण्या आल्या तर अमोनिया साचतोय, म्हणजे झडप लहान पडतेय किंवा भुसा बदलायला हवा.

दाराची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण अर्धेअधिक बळी दारातूनच जातात. चौकट आणि दार यांच्यात कुठेही अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको. खालची फट सगळे विसरतात. उंबरठ्याला लाकडाची पट्टी मारा, म्हणजे दार तिच्यावर येऊन टेकेल. नुसती हुकाची कडी नको, दार हलवत राहिलं की ती उडते. वर एक आल्ड्रॉप आणि खाली एक टॉवर बोल्ट बसवा. एकाच मधल्या कडीवर कुत्र्याने खालच्या कोपऱ्याला नाक घातलं की प्लाय वाकतो आणि तीन इंचांची फट पडते. सगळं झालं की अंधारात आत टॉर्च लावून ठेवा आणि बाहेरून चौफेर फिरा. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते ती जागा खडूने रंगवा. तिथे बोट जात असलं तर त्याच रात्री बुजवा.

दार बंद कोणी करायचं हे घरात ठरवून टाका. चार जण असले की ‘दुसऱ्याने लावलं असेल’ या भरवशावर दार उघडं राहतं, आणि नेमकी तीच रात्र चोर साधतो. कोंबड्या सूर्यास्तानंतर पाव तासात आपोआप आत जातात. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेर सव्वासातला, तेव्हा ‘रोज साडेसातला बंद’ असा एकच नियम हिवाळ्यात तासाभराहून जास्त मोकळं रान देतो. बंद करताना मोजा. सहातली एक कमी असेल तर बहुधा ती पेरूच्या झाडावर बसली आहे, आणि झाडावर झोपणारी कोंबडी ही उदमांजराची ठरलेली मेजवानी. तिला सलग आठवडाभर खुराड्याबाहेर सोडू नका, दाणापाणी आतच द्या. नंतर संध्याकाळी दिवस मावळायच्या तासभर आधी सोडत चला. सवय लागते. आपोआप बंद होणारी दारं मिळतात, पण बाहेर राहिलेली कोंबडी ती मोजत नाहीत.

आता दिवसाचा चोर. मुंगसासाठी कंपाऊंडची भिंत उंच करणं, वर काचा लावणं, पाणी जायची भोकं बुजवणं हा सगळा फुकाचा खटाटोप आहे. तो भिंत चढतो, आणि भोकं बुजवलीत तर जुलैत अंगणाचं तळं होईल. बंदिस्त करायचं ते अंगण नाही, कोंबड्यांचं आवार. सहा-आठ पक्ष्यांना दहा बाय आठ फुटांचं, सहा फूट उंचीचं आवार पुरतं. उंची स्वतःसाठी ठेवायची. वाकून झाडावं लागलं की साफसफाई महिन्यावर जाते. सांगाडा इंची लोखंडी अँगलचा करून घ्या, फॅब्रिकेटर एका दिवसात जोडून देतो.

घेर ३६ फूट होतो. अर्धा इंची वेल्डमेश चार फूट रुंदीची घ्या आणि ती लांबीच्या दिशेने काटकोनात वाकवा: अडीच फूट उभी सांगाड्यावर, दीड फूट आडवी बाहेरच्या जमिनीवर. उकरणारं कोणतंही जनावर भिंतीच्या अगदी मुळाशी उकरायला लागतं. तिथे पंजाखाली जाळी लागते. दीड फूट मागे सरून तिथून भुयार काढावं हे त्याच्या डोक्यात येत नाही. लोक दीड फूट खोल चर खणून जाळी उभी पुरतात, तेही चालतं, पण टेकडीलगत तुमच्याकडे मुरूम आणि खडक लागणार; दोन दिवस पहार मारण्यापेक्षा आडवी जाळी बरी. अडचण येते ती कोपऱ्यांत. पट्टी वाकवून लावली की चारही कोपऱ्यांना दीड बाय दीड फुटाचा चौकोन उघडा राहतो, आणि मुंगूस शोधून शोधून तिथेच येतो. चौकोनी ठिगळं वेगळी कापून तारेने शिवा. घेर, ठिगळं आणि जोडांचे दोन-दोन इंच धरून ४२ फूट जाळी आणा. आडव्या भागावर मुरूम पसरा आणि वर शहाबादी फरशी टाका. अंगणात कुठेतरी पडलेली असतेच. मातीत राहणारी जाळी दोन-तीन पावसाळ्यांत गंजते, म्हणून बसवण्याआधी त्या दीड फुटाला ब्लॅक जॅपनचे (गंज रोखणाऱ्या काळ्या रंगाचे) दोन हात द्या आणि दर मे महिन्यात दोन-चार फरश्या उचलून बघा.

अडीच फुटांच्या वर एक इंची वेल्डमेश चालेल. तीही चार फूट रुंदीची घेतली तर खालच्या जाळीवर सहा इंच चढवून सहा फुटांपर्यंत बरोबर बसते. वरचं छत मात्र विसरू नका. मुंगूस चढतो हे वर आलंच. छतालाही एक इंची वेल्डमेश घाला आणि दर अडीच फुटांवर आडवा पाइप द्या, नाहीतर त्यावर चालणाऱ्या मांजरांच्या वजनाने मध्ये झोळ पडतो. बाल्कनीला लावतात ती नायलॉनची कबुतर जाळी घारीला अडवते, पण मुंगूस आणि घूस ती कुरतडतात. शिवाय तिची सैल टोकं जमिनीवर लोळत असली तर त्यात धामण अडकते आणि ती सोडवायला कोणी हात घालत नाही. नायलॉन वापरलीतच तर जमिनीपासून फूटभर वर, ताणून बांधा. मे महिन्यात अर्ध्या छतावर हिरवी शेडनेट टाका आणि पावसाळ्याआधी काढा. तिच्यावर पानं साचली की पाणी धरतं आणि सगळं खाली ओढतं.

घारींचं एवढं मनावर घेऊ नका. वर फिरणारी घार पुरी वाढलेली कोंबडी उचलत नाही. ती पिल्लं उचलते, आणि हिवाळ्यात घरट्यात स्वतःची पिल्लं असली की फार धीट होते. शिक्रा लहान असला तरी झाडीतून खालून झेप घेतो आणि पिल्लू नेतो. कावळे अंडी आणि पहिल्या दोन आठवड्यांतली पिल्लं पळवतात. म्हणून खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी आणि तिची पिल्लं दोन महिने तरी झाकलेल्या आवाराबाहेर काढू नका. जुन्या सीडी टांगणं, चमकणाऱ्या पट्ट्या, बुजगावणं यांचा धाक चार दिवसांचा. तुमचा कोंबडा वरून येणारी घार पाहून ओरडतो आणि कोंबड्या आडोशाला पळतात, तेवढा त्याचा उपयोग खरा. रात्री मात्र त्यालाही काही दिसत नाही, आणि अंड्यांसाठी तर कोंबड्याची गरजच नसते. पहाटे चारच्या बांगेवरून शेजाऱ्यांशी वाजलं तर पहिला निरोप त्याला द्या.

अंडी सकाळी अकराच्या आत आणि पुन्हा संध्याकाळी उचला. रात्री एकही अंडं आत राहू देऊ नका. खोक्यात फुटलेलं अंडं सुकत पडलं की वासावर घूस, मुंगूस, धामण, घोरपड सगळे येतात, आणि कोंबड्यांनाही स्वतःची अंडी फोडायची सवय लागते. ती मोडणं चोर हटवण्यापेक्षा कठीण. दाण्याचंही तसंच. एका अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं, म्हणजे तुमच्या सहांना पाऊण किलोच्या आत. ते दोनदा द्या, अर्ध्या तासात संपेल इतकंच. रात्रभर भांड्यात पडलेला दाणा उंदीर आणतो, उंदीर साप आणतो. गोणी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकचा डबा घूस एका रात्रीत भोक पाडून मोकळा करते. उंदरांसाठी सापळा लावा. विषाच्या वड्या कोंबड्यांच्या आसपास नकोतच, विष खाऊन सुस्तावलेला उंदीर कोंबडी आनंदाने गिळते.

साप दिसला तर काठी घेऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, प्रशिक्षित सर्पमित्र येतो. फिनेल, कार्बोलिक आम्ल, डांबरगोळ्या, मिरचीची पूड यांनी साप किंवा मुंगूस दूर राहत नाही. डांबरगोळी कोंबडीने टिपली तर कोंबडीच जाते. जाता जाता बावधन, सूस या बाजूच्या वाचकांसाठी: तिकडे बिबट्याचा वावर नाकारता येत नाही. जाळी त्याला रोखत नाही. तिथे रात्रीचं खुराडं पक्क्या भिंतीचं हवं, आणि कोंबडीची आतडी-पिसं उघड्यावर टाकणं पूर्ण बंद. त्याच्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांवर बिबट्या.

हल्ल्यातून एखादी जगली तर तिला लगेच वेगळी करा. रक्त दिसलं की बाकीच्या टोचून मारतात. जखमेभोवतीची पिसं कापा, स्वच्छ पाण्याने धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा आणि माशी बसणार नाही अशा खोक्यात ठेवा. पावसाळ्यात जखमेत एका दिवसात अळ्या पडतात. मांजराच्या दाताची जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते आणि आत पिकते, म्हणून प्रतिजैविकासाठी पशुवैद्याकडे न्याच. मेलेली कोंबडी मात्र खाऊ नका. चुना टाकून खोल पुरा.

आणि एक खूण वेगळी ठेवा. अंगावर कुठेही जखम नाही आणि दोन-तीन पक्षी एकदम गेले, तर चोर शोधत बसू नका. ते रानीखेत (कोंबड्यांचा विषाणूजन्य साथीचा रोग) असू शकतं किंवा बर्ड फ्लू. उघड्या हाताने शिवू नका, बाकीचे पक्षी आतच ठेवा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, नमुने तिथे तपासले जातात.

नव्या तलंगा आणायची घाई करू नका. सगळं बांधून झाल्यावर दोन आठवडे रांगोळीचा पट्टा रोज तपासा. बाहेर पावलं दिसतीलच, ती दिसत राहणार. जाळीच्या आतल्या बाजूला एकही दिसत नसेल आणि फरशीच्या कडेला उकरल्याची माती नसेल, तर आणायला हरकत नाही. सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र खडकीला आहे, पण तिथे एक दिवसाची पिल्लं मिळतात आणि ती तुम्हाला सुरुवातीला ऊब देऊन दोन महिने घरात सांभाळावी लागतील. तेवढा व्याप नको असेल तर तीन-साडेतीन महिन्यांच्या तलंगा घ्या. विकणाऱ्याला लासोटा आणि आर-टू-बी या दोन्ही रानीखेत लसी दिल्यात का, कोणत्या तारखेला, हे विचारा. नुसतं ‘सगळं दिलंय’ हे उत्तर धरू नका. आणल्यावर तीन आठवडे जुन्यांपासून वेगळ्या ठेवा, शिंका किंवा हिरवट पातळ शीट दिसते का पाहा. मग एका संध्याकाळी अंधार पडल्यावर उचलून जुन्यांशेजारी काठीवर बसवा. सकाळी थोडी टोचाटोची होईल. रक्त निघत नाही तोवर मध्ये पडू नका.

सल्ला सदर